नग किती?

संगणकाला माणसाकडून काही विचारून घ्यायचे असेल, तर तीन कामे करावी लागतात: प्रश्न मांडायचा, थांबायचे, आणि की-बोर्डावरून आलेले उत्तर वाचायचे. पहिली दोन यंत्राला उत्तम जमतात. तिसऱ्यात माणूस येतो. विम या टेक्स्ट एडिटरच्या मदतपुस्तिकेत प्रश्न विचारण्यासाठी एक सोडून सात-आठ फंक्शने दिलेली आहेत, त्याचे कारण हेच.

विमची स्वतःची भाषा आहे, तिला विमस्क्रिप्ट म्हणतात. ब्राम मोलेनार या डच प्रोग्रामरने १९९१ मध्ये अमिगा संगणकासाठी विम लोकांपुढे आणला आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये निधन होईपर्यंत त्याची देखभाल केली. विमला माउस लागत नाही, जुन्यापुराण्या मशीनवर तो धावतो, आणि फुकट मिळतो. यातला शेवटचा गुण कारखानदारांना विशेष भावतो.

उदाहरणासाठी हिंगण्याच्या एमआयडीसीतले एखादे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप घ्यावे. कोपऱ्यात कूलर, कूलरशेजारी संगणक, संगणकावर लोखंडाच्या कणांची पातळ साय. हिंगणा रोडवर इंजिनिअरिंग कॉलेजांना तोटा नाही, त्यामुळे मालकाचा एखादा भाचा त्यांपैकी एकात शिकत असतोच. तो सुटीत येतो आणि म्हणतो, "मामा, एक्सेल कायले पाहिजे? मी स्क्रिप्ट लिहून देतो." पार्टीचे नाव, गाव, नग, फोन एवढे विचारायचे आणि रजिस्टर नावाच्या साध्या फाईलमध्ये एक ओळ टाकायची. काम अर्ध्या दिवसाचे. पुढचे सगळे त्या अर्ध्या दिवसानंतर घडते.

सर्वांत साधे फंक्शन इनपुट. कंसात प्रश्न लिहिला की तो पडद्याच्या तळाशी उमटतो. माणूस टाइप करतो, एंटर दाबतो, आणि टाइप केलेले सारे जसेच्या तसे स्क्रिप्टच्या हाती येते. प्रश्नानंतर मोकळी जागा मात्र विम स्वतःहून सोडत नाही. भाच्याने 'नग किती' एवढेच लिहिले असेल, तर पडद्यावर 'नग किती१२' दिसते. एंटर दाबल्यावरही विम खालच्या ओळीवर जात नाही, त्यामुळे पुढचा संदेश उत्तराला येऊन चिकटतो आणि 'नग किती१२नोंद झाली' अशी एक सलग घोषणा होते. फोरमन ती एका श्वासात मोठ्याने वाचतो. प्रश्नाच्या शेवटी कोलन आणि एक स्पेस, आणि पुढच्या संदेशाआधी एक नवी ओळ, एवढे दिले की हा त्रास मिटतो. सगळे शिकणारे हे विसरतात आणि सगळे शिकवणारे हे सांगायचे विसरतात.

इनपुटने आणलेले उत्तर नेहमी स्ट्रिंग असते, म्हणजे नुसती अक्षरे. त्याची बेरीज करायला गेले की विम त्यातून संख्या शोधतो, आणि शोधण्याची त्याची रीत ठरलेली आहे: सुरुवातीला आकडे असतील तेवढे घ्यायचे, बाकीचे सोडायचे, काहीच नसेल तर शून्य. '१२ नग' चे बारा होतात. '१०-१२' चे दहा होतात. 'अंदाजे १२' चे शून्य होते, कारण सुरुवातीला आकडा नाही. 'बारा' चेही शून्यच. (हे आकडे इंग्रजीत टाइप केले आहेत असे समजावे. देवनागरीतले बारा विमच्या लेखी शून्य.) तक्रार न करता शून्य घेणे हा विमचा स्वभाव आहे, आणि नागपूर जिल्ह्यात तो महाग पडतो. इथे संख्या सांगताना एकच आकडा सांगणे म्हणजे जबाबदारी अंगावर घेणे.

"किती नग लिहू?"

"लिहा ना दहा-बारा."

"एकच आकडा सांगा, हा दोन घेत नाही."

"मंग पंधरा लिहून ठेव. कमी नको पडायले."

फोन नंबरच्या बाबतीत गोष्ट आणखी रंगते. विमस्क्रिप्टच्या जुन्या नियमानुसार शून्याने सुरू होणारी आणि आठ-नऊ हे आकडे नसलेली संख्या अष्टमान पद्धतीतली समजली जाते. नागपूरचा एसटीडी कोड ०७१२. तो शून्यात मिळवला की उत्तर येते ४५८: सात चौसष्टे चारशे अठ्ठेचाळीस, एक अठ्ठे आठ, वर दोन. याच हिशेबाने पुण्याचा ०२० सोळावर येतो आणि मुंबईचा ०२२ अठरावर. विदर्भाला न्याय देणारी ही एकमेव ज्ञात गणनापद्धत आहे. अमरावतीचा ०७२१ तिच्यात ४६५ वर जातो, म्हणून नागपूरकर तिचा फारसा प्रचार करीत नाहीत. दशमानातच वाचायचे असेल तर त्यासाठी 'एसटीआर-टू-एनआर' हे वेगळे फंक्शन आहे. पण फोन नंबर संख्येत बदलायचाच कशाला? त्यांची बेरीज कुणी करत नाही.

यानंतर काहीच न बोलणाऱ्या माणसाचा विचार करावा लागतो. इनपुटपुढे नुसते एंटर दाबले तर रिकामी स्ट्रिंग येते. एस्केप दाबून माणूस निघून गेला तरी रिकामी स्ट्रिंगच येते. 'मला काही सांगायचे नाही' आणि 'मी चाललो' यांत विमला फरक कळत नाही. भाच्याची स्क्रिप्ट चहाला गेलेल्या फोरमनचीही नोंद इमानेइतबारे करते: पार्टी रिकामी, गाव रिकामे, नग शून्य. 'इनपुटडायलॉग' या भावंड फंक्शनला कंसात तिसरा रकाना असतो. माणसाने रद्द केले तर काय परत द्यायचे ते त्यात लिहून ठेवता येते आणि हा घोळ टळतो. तो रकाना वापरणारे थोडे.

इनपुटचा दुसरा रकाना मात्र सगळे वापरतात. त्यात आधीच भरून ठेवायचे उत्तर लिहितात. बहुतेक माल आसपासच जातो, म्हणून भाचा गावाच्या प्रश्नात 'हिंगणा' भरून ठेवतो. माणसाने फक्त एंटर दाबावे, गाव वेगळे असेल तर खोडून लिहावे, अशी कल्पना. माणूस एंटर दाबतो. महिनाअखेरीस रजिस्टरवर विश्वास ठेवायचा तर बुटीबोरी, काटोल, उमरेड आणि भंडारा इथल्या साऱ्या पार्ट्या हिंगण्याला राहायला आलेल्या असतात.

"गाव बदलायचं होतं ना?"

"त्यानं लिहूनच ठेवलं होतं. मले वाटलं त्याले माहीत आहे."

भरून आलेल्या रकान्यावर माणसाचा जेवढा विश्वास असतो तेवढा सख्ख्या भावावर नसतो. बँकेचे फॉर्म, रेशनचे अर्ज आणि मंगल कार्यालयाच्या पावत्या याच विश्वासावर चालतात, एवढे नोंदवून पुढे जाणे बरे.

आता उतावळ्या उत्तरांकडे. विममध्ये एका कळीवर कळांची मालिका बांधता येते, तिला मॅपिंग म्हणतात. भाच्याने एक मॅपिंग केले: आधी नोंदीचे फंक्शन चालवायचे, मग कोलन, डब्ल्यू, एंटर, म्हणजे फाईल सेव्ह. कागदावर क्रम निर्दोष. प्रत्यक्षात फंक्शन सुरू होते, 'पार्टीचे नाव' हा प्रश्न येतो, आणि त्याच वेळी मॅपिंगमधल्या उरलेल्या कळा रांगेत उभ्या असतात. इनपुटला कळ माणसाने दाबली की मॅपिंगने, याच्याशी कर्तव्य नसते. रांगेत जे पुढे असेल ते तो उचलतो. परिणामी त्या दिवशीच्या प्रत्येक नोंदीत पार्टीचे नाव 'कोलन डब्ल्यू' पडते आणि सेव्ह व्हायची ती फाईल सेव्ह होतच नाही. मालक रजिस्टर उघडून विचारतात, "हा डब्ल्यू कोण बे? यवढा माल उचलून राहिला, पैसे कधी देते?" भाचा उत्तर देत नाही, तो मदतपुस्तिका वाचत असतो.

त्या पुस्तिकेत 'इनपुटसेव्ह' आणि 'इनपुटरिस्टोर' ही जोडी सापडते. पहिले फंक्शन रांगेतल्या कळा बाजूला काढून ठेवते, म्हणजे प्रश्नाचे उत्तर माणसालाच द्यावे लागते. दुसरे त्या कळा परत रांगेत सोडते. जितक्या वेळा सेव्ह, तितक्या वेळा रिस्टोर, असा नियम आहे. प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देणाऱ्या माणसांसाठी अशी सोय अजून कुणी केलेली नाही, त्यामुळे पानठेल्यावरची चर्चा आहे तशीच चालू राहते.

यादीतून निवडायचे असेल तर 'इनपुटलिस्ट' आहे. त्याला पर्यायांची यादी द्यायची, क्रमांक मात्र स्वतः घालायचे, कारण विम ते घालत नाही. माणसाने क्रमांक टाइप करायचा. चार पार्ट्यांच्या यादीत कुणी ४७ टाइप केले तरी इनपुटलिस्ट ४७ हाच आकडा निमूटपणे परत देतो. यादीत तेवढे कुणी आहे का, हे बघणे त्याचे काम नाही. माउस चालू असेल तर ओळीवर टिचकी मारता येते, आणि पहिल्या ओळीच्याही वर टिचकी बसली तर ऋण संख्या मिळते. वर्कशॉपमधल्या माउसची स्थिती पाहता ऋण संख्या बऱ्याचदा मिळते.

गुप्त गोष्टी विचारण्यासाठी 'इनपुटसीक्रेट' आहे. त्यात टाइप केलेल्या अक्षरांच्या जागी चांदण्या उमटतात आणि उत्तर इतिहासातही जात नाही. (साध्या इनपुटला आधीची उत्तरे आठवतात. वरच्या बाणाने ती परत बोलावता येतात.) गुप्ततेची व्यवस्था इतकी चोख असताना ग्राइंडर चालू असलेल्या शेडमध्ये ती अशी पार पडते:

"काय आहे पासवर्ड?"

"काय?"

"पासवर्ड, पासवर्ड!"

"मालकाच्या गाडीचा नंबर! शेवटचे चार!"

पडद्यावर चार चांदण्या उमटतात.

एकाच कळीचे उत्तर हवे असेल तर 'गेटचार'. ते एंटरची वाट पाहत नाही. कळ दाबली की तिचा क्रमांक घेऊन परत येते: वाय दाबला तर १२१, एंटरचा १३, एस्केपचा २७. बाणाच्या कळा दाबल्या तर संख्येऐवजी स्ट्रिंग येते, आणि संख्येचीच अपेक्षा ठेवणारी स्क्रिप्ट भांबावते. की-बोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर ठेवलेला असेल तर वायच्या कळीवर 'ब' असतो आणि एनच्या कळीवर 'ल', त्यामुळे होकार २३४८ होऊन येतो आणि नकार २३५४. स्क्रिप्टला दोन्ही अनोळखी.

पण गेटचारचा मोठा दोष निराळाच आहे. ते प्रश्न दाखवत नाही. प्रश्न आधी वेगळा छापावा लागतो, आणि भाचा तो छापायचा विसरलेला असतो. पडदा स्तब्ध, कर्सर स्तब्ध, स्क्रिप्ट एका कळीच्या प्रतीक्षेत.

"मालक, काही करूनच नाही राहिला हा."

"बटन दाब."

"कोणतं?"

"कोणतंबी दाब!"

फोरमन सर्वांत मोठे बटन दाबतो. ते यूपीएसचे असते.

प्रश्न छापला असला तरी भानगड संपत नाही. एक कळ पुरे, हे माणसाच्या हाताला पटत नाही. तो वाय दाबतो आणि सवयीने एंटरही दाबतो. वाय गेटचार घेते. एंटरला कुणी वाली नसतो, तो विमच्या नॉर्मल मोडमध्ये जाऊन पडतो, आणि तिथे एंटर म्हणजे एक ओळ खाली. कर्सर खाली सरकतो. पुढची नोंद कर्सरच्या जागी होत असेल तर ती ज्याच्या खाली व्हायची त्याच्या खाली होत नाही, आणि हे कळते ते चलन फाडताना.

याच वेळी भाच्याला कॉलेजातला कुणी सांगतो की खरे काम ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरवर होते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये आणलेला जीएनयू ईमॅक्स लिस्प भाषेत बोलतो, आणि प्रश्न विचारायला त्याच्याकडे मिनीबफर नावाची स्वतंत्र जागा आहे. ईमॅक्स विमसारखा सोशिक नाही. हो की नाही विचारणारे त्याचे फंक्शन संपूर्ण 'यस' किंवा संपूर्ण 'नो' लिहून मागते. 'हो' लिहिले, 'ओके' लिहिले, 'चालते ना' लिहिले तर तो घंटी वाजवतो, हो किंवा नाही असे उत्तर द्या म्हणतो, दोन सेकंद तसाच बसतो आणि पुन्हा तोच प्रश्न विचारतो. तहसिलीतल्या खिडकीमागचा बाबू अर्जावरची सही जुळेपर्यंत असाच बसतो. एका अक्षरावर भागवणारे दुसरे फंक्शनही ईमॅक्समध्ये पहिल्यापासून आहे. पण कोणते वापरायचे ते प्रश्न लिहिणारा ठरवतो, उत्तर देणारा नाही. सगळीकडे छोटे उत्तर चालवून घेण्याची अधिकृत सोय २०२२ च्या आवृत्ती २८ मध्ये आली.

एक प्रश्न अर्धवट असताना दुसरा विचारणेही ईमॅक्सला मंजूर नाही. मिनीबफरमध्ये असताना मिनीबफर मागितला तर तो तशी नोंद देऊन थांबतो. ही सक्ती सेटिंग बदलून काढता येते. नागपुरात पहिल्याच दिवशी काढावी लागेल. कुणाचेही काम ऐकताना मध्येच 'चहा घेता काय' विचारले नाही, तर तिथे ते अपमानात जमा होते.

ईमॅक्समध्ये आज्ञा लिहिताना इंटरॅक्टिव्ह या शब्दापुढे प्रश्न लिहितात, आणि त्या प्रश्नाचे पहिले अक्षर ईमॅक्स स्वतःसाठी राखून ठेवतो. एन असेल तर संख्या घ्यायची, एस असेल तर स्ट्रिंग, एफ असेल तर अस्तित्वात असलेली फाईल. राखीव अक्षर वाचून झाले की तो बाजूला काढतो आणि उरलेला मजकूर प्रश्न म्हणून दाखवतो. भाच्याने हे न वाचता रोमन लिपीत 'नग किती' लिहिले. ईमॅक्सने पहिला एन संख्येची खूण म्हणून गिळला आणि पडद्यावर प्रश्न आला, 'अग किती'. संख्याच हवी होती, त्यामुळे स्क्रिप्ट अगदी बरोबर चालली. फोरमनने मात्र उत्तर द्यायला साफ नकार दिला. तोच प्रश्न देवनागरीत लिहून पाहिला, तेव्हा 'न' हे अक्षर ईमॅक्सच्या यादीतच नसल्याने त्याने थेट त्रुटी दाखवली.

देवनागरीत उत्तर घेण्याची तजवीज ईमॅक्समध्ये आहे, पण तीही मागावी लागते. मुख्य मजकूर मराठीत लिहीत असले तरी मिनीबफर उघडला की टंकलेखन आपोआप इंग्रजीवर येते, आणि पार्टीचे नाव रोमन अक्षरांत उमटू लागते. चालू इनपुट पद्धत पुढे न्यायची असेल तर फंक्शनच्या शेवटच्या रकान्यात तसे लिहावे लागते. तो शेवटचा असल्याने तिथवर फारसे कुणी पोहोचत नाही.

भाचा पुन्हा विमकडे वळतो आणि 'कन्फर्म' हे फंक्शन हाती घेतो. यात प्रश्न द्यायचा, पर्याय द्यायचे आणि प्रत्येक पर्यायातल्या एका अक्षराआधी खूण करायची, म्हणजे ती कळ दाबून पर्याय निवडता येतो. भलतीच कळ दाबली तर कन्फर्म दुर्लक्ष करते. मुका पडदाही नाही. सर्व फंक्शनांत माणसाची सर्वांत जास्त ओळख असलेले हेच, असे म्हणायला हरकत नाही, आणि म्हणूनच सर्वांत मोठा अपघात याच्या हातून होतो.

कन्फर्म निवडलेल्या पर्यायाचा क्रमांक परत देते. पहिला 'हो' असेल तर एक, दुसरा 'नाही' असेल तर दोन, एस्केप दाबून पळ काढला तर शून्य. विमस्क्रिप्टमध्ये शून्य म्हणजे खोटे आणि इतर कोणतीही संख्या म्हणजे खरे. मार्चअखेरीस जुने रजिस्टर रिकामे करण्यासाठी भाच्याने लिहिले: जर कन्फर्म 'सगळे पुसू का', तर पुसा. 'हो' म्हटले की एक, म्हणजे खरे, म्हणून पुसले. 'नाही' म्हटले की दोन, म्हणजे तेही खरे, म्हणून पुसले. त्या रचनेत रजिस्टर वाचवण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे प्रश्न टाळून निघून जाणे. मालकांनी स्पष्ट शब्दांत नाही म्हटले होते.

"म्या नाही दाबलं ना बे!"

"हो मामा, पण नाही म्हणजे दोन."

"दोन म्हणजे?"

"दोन म्हणजे हो."

उत्तर एकाशी ताडून पाहिले असते तर एवढ्यावर भागले असते. ही दुरुस्ती झाली तरी आणखी एक गोष्ट उरते. कन्फर्मच्या तिसऱ्या रकान्यात, नुसते एंटर दाबले तर कोणता पर्याय धरायचा, ते लिहितात. काहीच लिहिले नाही तर विम पहिला पर्याय धरतो, आणि आपल्याकडे पहिला पर्याय 'हो' लिहायची पद्धत आहे. शून्य लिहिले तर एंटरवर कोणताच पर्याय धरला जात नाही. दोन लिहिले तर 'नाही' धरला जातो.

ज्यांची रजिस्टरे भाच्यांनी लिहिलेल्या स्क्रिप्टवर चालतात, त्यांनी हा तिसरा रकाना आजच उघडून पाहावा. तो रिकामा असेल तर त्यात दोन लिहावे, आणि तोवर फाईलची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवावी.